दोष कोब्याचा

आईने फाटकाच्या खांबाला तिसऱ्यांदा गाडी घासली, त्या दिवशी चहाच्या वेळी तिने कप खाली ठेवला आणि जाहीर केलं, "कोबा खचलाय."

"खचलाय खरा," मी म्हणालो. इतक्या तत्परतेने मी आजवर कुणाच्याच म्हणण्याला दुजोरा दिला नसेल. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि हातातलं बिस्किट चहात जरा जास्तच वेळ धरलं. ते तुटून कपात पडलं. एरवी तिच्या हातून असं होत नाही.

कोबा म्हणजे आमच्या फाटकापासून गाडीच्या शेडपर्यंतची सिमेंटची जमीन. लांबी माझ्या पावलांनी सोळा, रुंदी गाडीपेक्षा हातभर जास्त. घराच्या मंजूर नकाशात तिला 'वाहनमार्ग' असं भारदस्त नाव दिलेलं आहे, पण ज्या जमिनीवर आपण मिरच्या वाळत घालतो तिला वाहनमार्ग म्हणायला जीभ वळत नाही. तेव्हा कोबा.

आणि आमच्या घरात गाडी आई चालवते. वय शहात्तर. चौतीस वर्षं ती गाडी चालवते आहे. तिने मला परीक्षांना पोचवलं, वडिलांना दवाखान्यात नेलं आणि तिथून एकटी परत आली तीही स्वतः गाडी चालवत. मला गाडी येत नाही. शिकायला गेलो होतो. त्या हकिकतीत एक दुधाची गाडी आणि एक वकील आहेत, आणि ती चारचौघांत सांगण्यासारखी नाही. बायकोला येते आणि फार सफाईदार येते, पण गाडी आईची; किल्ली आईच्या पर्समध्ये. ती कुणी कधी मागितली नाही आणि तिने कधी दिली नाही.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी आई तिच्या चार मैत्रिणींना घेऊन निघते. आधी वाचनालय, मग बागेत एक फेरी, मग ज्या कुणाचं माणूस त्या आठवड्यात दवाखान्यात असेल त्याला भेट. घरात आम्ही त्यांना 'चौघी' म्हणतो. एकीचे गुडघे गेलेत, एकीला बस लागते, एकीला घरची मंडळी एकटं सोडत नाहीत, आणि चौथीला काहीच झालेलं नाही, पण तिला एकटं राहवत नाही. आईची गाडी थांबली तर पाच जणी पाच घरांत बसून राहणार हे उघड होतं. आणि गाडी चालू राहिली तर आज खांब आहे, उद्या कोण असेल, हेही तितकंच उघड होतं.

"आईंना सांगायला हवं," संध्याकाळी भाजी निवडताना बायको म्हणाली.

"काय सांगायला हवं?"

"ते तुम्हाला माहितीये."

"मी काय म्हणतो," मी शेंगा मोडायला घेतल्या, "आधी कोबा नीट करून घेऊ. म्हणजे एक कारण बाद होईल. त्यानंतरही घासली, तर मग विचार करू. शास्त्रीय पद्धत असते ती."

"शेंगांच्या शिरा काढा आधी," ती म्हणाली. "नुसत्या मोडताय."

माझी बाजू समजावी म्हणून माझ्या नोकरीबद्दल सांगतो. मी पाणीपुरवठा खात्यात आहे. नळाला येणाऱ्या पाण्याशी माझा संबंध नाही. न येणाऱ्या पाण्याबद्दल लोक जी पत्रं लिहितात, त्यांना उत्तरं देणं हे माझं काम. तेवीस वर्षं मी ते करतो आहे आणि या काळात एकाही माणसाला मी 'नाही' म्हटलेलं नाही. 'आपल्या तक्रारीची सहानुभूतीपूर्वक नोंद घेण्यात आली आहे.' 'उपलब्ध परिस्थितीनुसार योग्य ती कार्यवाही यथावकाश करण्यात येईल.' माणूस पत्र वाचतो, आपल्याला काहीतरी मिळालं असं समजून घडी घालून कपाटात ठेवतो, आणि पाणी काही येत नाही. अशा माणसाने आपल्या आईसमोर बसून 'तू आता गाडी चालवू नकोस' हे पाच-सहा शब्दांचं, कर्ता-कर्म-क्रियापद असलेलं वाक्य बोलावं ही अपेक्षाच चुकीची आहे. कोबा फोडणं त्या मानाने फार सोपं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोब्यावर उकिडवा बसून पाहत होतो, तोच कुंपणापलीकडून अनुभवी आले. आमच्या शेजाऱ्यांना सगळी गल्ली अनुभवी म्हणते. त्यांच्या तोंडावर नाही. प्रत्येक वाक्य 'माझा अनुभव सांगतो' असं सुरू करायची त्यांना सवय आहे, आणि त्यांचा प्रत्येक अनुभव फसलेला असतो. गच्ची गळायची म्हणून त्यांनी तीनदा दुरुस्त केली, आता तीन ठिकाणी गळते. पण फसलेल्या माणसाने सल्ला देऊ नये असा काही नियम नाही, आणि ते मनापासून देतात हे मान्य करायला हवं.

"माझा अनुभव सांगतो," ते म्हणाले, "आधी आवाज घ्यायचा." आणि त्यांनी चप्पल काढून टाचेने कोबा ठोकत चालायला सुरुवात केली. ठक, ठक, ठक, ढब. ते थांबले. "ऐकलंत? ढब." मीही टाच आपटली. ढब. आम्ही दोघं अनवाणी पायांनी बराच वेळ तिथे ठकठक आणि ढबढब करत होतो. रस्त्याने जाणारी दोन माणसं जरा थांबून आमच्याकडे बघून गेली.

मग त्यांनी बादलीभर पाणी ओतायला सांगितलं. पाणी डाव्या कडेला धावलं, तिथे क्षणभर थबकलं आणि एका भेगेतून खाली उतरून नाहीसं झालं. दुसरी बादली आणली. तीही गेली. तिसरी ओतल्यावर आम्ही दोघं वाकून भेगेला कान लावून बसलो.

"माझा अनुभव सांगतो," अनुभवी हलक्या आवाजात म्हणाले, "आता बादल्या आणणं थांबवा."

म्हणजे कोबा खरोखरच खचला होता. डावीकडे चांगली दोन बोटं. मला झालेला आनंद मी लपवू शकलो नाही. बढतीच्या दिवशी देखील मी इतका खूश नव्हतो, कारण बढतीत बदली होती. मी आत जाऊन आईला सांगितलं, "तू म्हणालीस ते अगदी बरोबर. खाली सगळं पोकळ आहे." आई पुस्तक वाचत होती, म्हणजे पुस्तक मांडीवर होतं. "बघ, मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणाली. तिला आनंद झाला की नाही हे मला नीट कळलं नाही.

गवंडी आला तो वयस्क, काटक आणि कमी बोलणारा होता. कानावर पेन्सिल. त्याने पारदर्शक नळीत पाणी भरलं, नळीचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि ठिकठिकाणी उंची जुळवून कोब्यावर रेघा मारल्या. मग तो खाली बसला, भेगेत लोखंडी सळई घातली. सळई हातभर आत गेली.

"खाली भराव वाहून गेलाय," तो म्हणाला. "पाइप गळत असणार. वरून सिमेंट फासून उपयोग नाही. फोडावं लागेल."

"फोडा," मी म्हणालो.

तो उठून फाटकाकडे गेला. खांबावरचे तीन ओरखडे त्याने अंगठ्याने चाचपून पाहिले, वळून खड्ड्याकडे पाहिलं, पुन्हा खांबाकडे पाहिलं. "साहेब, पण खड्डा डाव्या अंगाला आहे. आणि गाडी घासलीये उजव्या खांबाला."

मी त्याला कोपरापाशी धरून शेडमागे नेलं. "एक चाक खाली गेलं की माणूस घाबरून उलट्या बाजूला वळवतो," मी म्हणालो. "साधी गोष्ट आहे."

त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. तिथे आई उभी होती. "घरचं आहे का?" त्याने विचारलं.

"घरचं आहे."

"मग फोडू," तो म्हणाला आणि कानावरची पेन्सिल काढून काहीतरी लिहू लागला.

पण फोडता येईना. जमिनीखालून जाणारा पाइप मीटरपर्यंत खात्याचा आणि मीटरनंतर घरमालकाचा, त्यामुळे खात्याने पाहणी केल्याशिवाय खोदायचं नाही, असा नियम आहे. तो नियम मला तोंडपाठ आहे, कारण लोकांना तो कळवणारं पत्र मीच लिहितो. मी रीतसर तक्रार केली. चार दिवसांनी सकाळी टेबलावर आलेल्या गठ्ठ्यात ती सगळ्यात वर होती. स्वतःचं अक्षर स्वतःच्या टेबलावर आवक शिक्क्यासह पाहताना माणसाला कसंसंच होतं. मी सवयीने पेन उचललं आणि 'आपल्या तक्रारीची सहानुभूतीपूर्वक' इथवर लिहून थांबलो.

शेजारच्या टेबलावर नियमावली बसतात. हे त्यांचं नाव नव्हे, पण कार्यालयात दुसऱ्या नावाने त्यांना कुणी हाक मारत नाही. त्यांनी मान तिरकी करून कागद वाचला. "नातेवाइकाचं प्रकरण स्वतः हाताळता येत नाही," ते म्हणाले.

"नातेवाइकाचं नाही, माझंच आहे."

"मग तर नाहीच." त्यांनी कागद ओढून घेतला. "आणि घर कुणाच्या नावावर आहे?"

"आईच्या."

"मग तक्रारदार तुम्ही कसे? त्यांची सही हवी." त्यांनी खणातून एक छापील अर्ज काढला. हा अर्ज मी लोकांना पाठवतो, पण भरलेला कधी नव्हता, आणि भरायला बसल्यावर तो किती चेंगट आहे ते कळलं. सातवा प्रश्न होता: 'खचल्यामुळे व्यक्तीस अथवा वाहनास इजा पोचली आहे काय? असल्यास कशी?'

मी तिथे लिहिलं: 'अर्जदार वाहन आत आणीत असता, जमीन खचल्याकारणाने वाहनाचा तोल जाऊन ते फाटकाच्या खांबास तीन वेळा घासले.' वाक्य चांगलं उतरलं होतं. आईने अर्ज खिडकीपाशी नेला, चष्मा लावला, आणि मान बरीच उजवीकडे वळवून ओळ न् ओळ वाचली.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"छान लिहितोस," असं म्हणून तिने सही केली.

नियमावली स्वतः पाहणीला आले. आमच्याकडे ते दोन वेळा जेवून गेलेले आहेत, पण त्या दिवशी त्यांनी ओळख दाखवली नाही. पाणीसुद्धा घेतलं नाही. टेप काढून खड्डा मोजला, खांब मोजला, खांबापासून खड्डा मोजला. आई पायरीवर उभी होती, मी तिच्या बाजूला. नियमावली मोठ्याने बोलत लिहीत होते, ती त्यांची पद्धतच आहे. "खड्डा डाव्या बाजूस. ओरखडे उजव्या खांबावर. सबब सदर दोहोंतील कार्यकारणभाव स्पष्ट होत नाही."

मी खोकलो. खूप खोकलो. आईने वळून पाहिलं आणि म्हणाली, "आत जाऊन गरम पाणी पी." आणि ती तिथेच उभी राहून पुढचं ऐकत राहिली.

आठवड्याभराने घरी पत्र आलं. आईच्या नावावर, आणि शब्द न् शब्द माझा. मसुदा मी सहा वर्षांपूर्वी तयार केला होता आणि त्याची वरिष्ठांनी तारीफही केली होती. आईने ते दोनदा वाचलं. "म्हणजे ते खोदणार की नाही?" तिने विचारलं. मी पत्र हातात घेतलं. खरं सांगतो, मलाही कळेना. तेवीस वर्षांत किती लोकांनी असं पत्र हातात धरून घरच्यांना हेच विचारलं असेल, या विचाराने मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

शेवटी खात्याची माणसं आली. त्यांनी यंत्र लावून डावी बाजू फोडली, माणूस उभा राहील इतका चर खणला आणि पाइप उघडा केला. गळती होतीच, मीटरच्या वीतभर अलीकडे, म्हणजे आमच्या बाजूला. "तुमचं तुम्ही बघा," असं म्हणून ते चर तसाच ठेवून निघून गेले. जाताना त्यांच्या ट्रकने फाटकाची एक झडप बिजागरीतून निखळवली. अनुभवी म्हणाले, "माझा अनुभव सांगतो, आता आहेच तर दुसरीही काढून ठेवा, म्हणजे सिमेंटची गाडी आत येईल." काढली. मग फाटक नाही म्हणून रस्त्यावरची दोन कुत्री शेडमध्ये राहायला आली आणि जाणाऱ्या-येणाऱ्यावर भुंकू लागली. फक्त आमच्यावर.

घरात जायला चरावर एक फळी टाकली होती. शुक्रवारी मी कार्यालयातून येत असताना समोर चौघी उभ्या होत्या, म्हणून मी जरा रुबाबात फळीवर पाय टाकला. पुढचं मला आठवतं ते असं की मी चरात उभा होतो, छातीपर्यंत, हातातली फाइल मात्र डोक्यावर सुरक्षित धरलेली. "त्यांना लागलं का विचार गं," गुडघेवाली म्हणाली. "फाइल घे आधी त्यांच्या हातातली," बस लागणारी म्हणाली. चौघींनी मला बाहेर काढलं. ज्यांना स्वतःला पायऱ्या चढताना आधार लागतो त्यांनी मला ओढून वर घेतलं, हे मी कार्यालयात सांगितलेलं नाही.

कोबा फोडल्यापासून गाडी रस्त्यावर उभी असायची. पहिल्या मंगळवारी आई नेहमीसारखी चौघींना घेऊन गेली आणि नेहमीपेक्षा दीड तास लवकर परत आली. गाडी तिने फुटपाथपासून चांगली दूर लावली होती, तिरकी. पर्स टेबलावर ठेवली, हात धुतले आणि बराच वेळ धुतच राहिली. मग म्हणाली, "कोबा होईपर्यंत गाडी काढायची नाही असं ठरवलंय."

आता गाडी रस्त्यावर, कोबा आत, आणि फाटक नावाची वस्तूच शिल्लक नाही. मग गाडी काढण्याचा आणि कोब्याचा संबंध काय, हा प्रश्न कुणालाही पडावा. मला पडला. पण उत्तर माझ्या सोयीचं होतं म्हणून मी तो विचारला नाही. बायकोनेही नाही विचारला. तिने फक्त आईच्या खोलीत गरम दूध नेऊन ठेवलं.

त्यानंतर चौघी आमच्याच पुढच्या खोलीत येऊन बसू लागल्या, टॅक्सी करून, फळीवरून एकमेकींचा हात धरत. आणि आईने कोब्याचं काम हातात घेतलं. गवंड्याने पाइप जोडला, भराव घातला, ठोकून बसवला. आई म्हणाली, अजून ठोका. त्याने अजून ठोकला. खडी आली, ती तिला जाड वाटली, परत पाठवली. सिमेंट पडलं तेव्हा ती खुर्ची टाकून समोर बसली आणि उतार थोडा कमी आहे म्हणाली, मग थोडा जास्त आहे म्हणाली. खांबावरचे ओरखडे गिलावा करून बुजवायचे, मग रंगवायचे, मग दोन्ही खांब सारखे दिसेनात म्हणून दुसराही खरवडायचा. घरातली कुठलीही दुरुस्ती म्हटली की जिच्या कपाळाला आठ्या पडायच्या, ती बाई रोज नवं काम काढत होती. मी मनातून खूश होतो. जितकं काम लांबेल तितकं माझं ते पाच-सहा शब्दांचं वाक्य पुढे जाईल, एवढाच माझा हिशोब होता. तिचाही काही असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही.

नव्या कोब्यावर पाणी मारावं लागतं. गवंड्याने दहा दिवस सांगितले होते. आई सकाळ-संध्याकाळ नळी धरून उभी राहायची. अकराव्या दिवशी गवंडी आला, वाकून कोब्यावर बोटाने टकटक केलं आणि म्हणाला, "मावशी, आता पुरे. कोबा तयार आहे."

"अजून चार दिवस मारते," आई म्हणाली. "घाई कशाला?"

"मारा, पण त्याला आता गरज नाही."

"असू दे. मारते."

चार दिवसांचे आठ झाले. कुंपणापलीकडून अनुभवी म्हणाले, "माझा अनुभव सांगतो, एवढं पाणी मारलंत तर शेवाळ धरेल." मी त्या वेळी दाराशी बूट घालत होतो. आईची पाठ माझ्याकडे होती. नळीतून पाणी येत होतं, आणि ती ते एकाच जागी सोडत होती, उजव्या खांबाच्या बुंध्याशी. तिचा हात हलत नव्हता. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली की या कोब्याची गरज या घरात फक्त मलाच नव्हती. तरी मी बूट घातले आणि कार्यालयात गेलो. तिथे दिवसभरात चौदा पत्रं लिहिली.

पुढचा शुक्रवार उजाडला. फाटक बसलं होतं. खांब रंगले होते. कुत्र्यांनीही दुसरी सोय बघितली होती. आता काढायला काहीच काम उरलं नव्हतं. चौघी सकाळीच येऊन पुढच्या खोलीत बसल्या, कारण गाडीतून जायचं ठरलं होतं. मी रजा घेतली होती. अनुभवी कुंपणाला टेकून उभे होते.

आई इस्त्रीचे कपडे घालून बाहेर आली, पर्समधून किल्ली काढली आणि गाडीत बसली. गाडी आदल्या दिवशी बायकोने शेडमध्ये आणून लावली होती; तेवढ्यापुरती आईने किल्ली टेबलावर काढून ठेवली होती आणि मग परत पर्समध्ये टाकली होती. आईने बेल्ट लावला. आरसा नीट केला. दोन्ही हात चाकावर ठेवले. इंजिन चालू केलं. गाडी जागची हलली नाही. थोड्या वेळाने तिने इंजिन बंद केलं आणि काच खाली केली.

"इकडे ये," ती मला म्हणाली.

मी खिडकीपाशी गेलो.

"मला उजवीकडचं दिसत नाही," ती म्हणाली. "समोरचं दिसतं. उजवीकडचं मान पूर्ण वळवल्याशिवाय दिसत नाही. डॉक्टरांनी गेल्या वर्षीच सांगितलंय. तुला सांगितलं नव्हतं."

मी खिडकीशी वाकलो.

"त्या मंगळवारी एक माणूस रस्त्यावर आला उजवीकडून. हातात पिशवी होती. मला तो दिसलाच नाही. मागून चौघींतली एक ओरडली म्हणून ब्रेक दाबला. त्याची पिशवी बॉनेटवर घासून गेली." तिने चाकावरचे हात काढून मांडीवर ठेवले. "त्याने माझ्याकडे बघितलं आणि हात वर केला. असू दे, असू दे, म्हणाला. म्हातारी आहे म्हणून. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं रे."

"आई," मी म्हणालो.

"तुला माहीत होतं."

इथे मला कितीतरी वाक्यं सुचली. सगळी माझी, सगळी वापरून झालेली, आणि त्यातलं एकही तोंडातून निघेना. "हो," मी म्हणालो. "माहीत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलंच असतं," आई म्हणाली. "वाटू द्यायचं होतं. आता इतके दिवस मला वाटत राहिलं की नुसती मलाच माहीत आहे ही गोष्ट. एकटीला."

मला तिच्या खांद्यावर हात ठेवायचा होता, पण मध्ये दाराची काच होती, अर्धीच खाली केलेली, आणि माझा हात काचेच्या कडेवर अडकून राहिला. मला रडू आलं. बावन्न वर्षांचा माणूस स्वतःच्या नव्या कोऱ्या कोब्यावर उभा राहून, अनुभवींच्या देखत रडत होता, आणि त्या वेळी मला त्याचं काहीच वाटलं नाही. अनुभवी काही बोलले नाहीत. माझ्या माहितीत त्यांची ही पहिलीच वेळ.

आईने बेल्ट सोडला. दार उघडून उतरली. पायरीवर माझी बायको उभी होती. आईने तिच्याकडे किल्ली धरली. "तू घे गं. मागे घेताना जपून, खांबांचा रंग अजून ओला आहे."

"हो आई," बायको म्हणाली.

मग आई गाडीच्या पुढून वळसा घालून गेली, बॉनेटवर एक हात ठेवून, सावकाश, आणि पलीकडचं दार उघडून बसली. चौघी मागे दाटीवाटीने बसल्या. बस लागणारीने खिडकी धरली. मला जागा उरली नाही. मी फाटक उघडायला थांबलो. बायकोने इंजिन चालू केलं आणि आईने बेल्टसाठी हात उजव्या खांद्यावर नेला. तिथे काही नव्हतं. तिने पुन्हा चाचपलं. चौतीस वर्षांत ती त्या जागी कधी बसलीच नव्हती.

"या बाजूला असतो, आई," बायको म्हणाली.

"हो का," आई म्हणाली, आणि डाव्या खांद्याकडे वळली.